विसण

सोहारच्या सनाइयात आमची शेड, नंबर सोळा.
दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद, असा नियम.
उन्हाला कुणी सांगितलेला नाही.

त्या बंदच्या वेळेतच खलफान आला, पांढरी मोठी गाडी घेऊन.
"काच म्हणते बावीस, मी म्हणतो बावीस,
आणि माझा डावा गाल पापडासारखा भाजतोय.
खोटं बोलते ही."
शेजारी त्याची बायको मौझा, मांडीवर पर्स,
नजर समोर.

नवा पोऱ्या रहीमुद्दीन, नोआखालीचा,
बटणांकडे बघत होता, देव्हाऱ्याकडे बघावं तसा.
त्याला म्हटलं, जादू नाही रे, विसण आहे.

आधी सगळी हवा गार करायची.
डॅशबोर्डच्या पोटात एक जाळी आहे, थंडगार,
तिचा घाम नळीतून खाली ठिबकतो,
शेडमधलं पिवळं मांजर त्यावरच जगलंय.
पलीकडे दुसरी जाळी, तिच्यात इंजिनाचं आधण फिरतं.
आणि मधे एक दार, तळहाताएवढं.
ते किती उघडायचं, किती लोटायचं,
दिवसभर एवढाच हिशेब.

माझी आई कढत पाण्यात तांब्याने गार ओतायची
आणि कोपर बुडवून बघायची.
बोटं खोटं सांगतात म्हणायची, कोपर नाही.
ह्या गाडीला चार कोपरं.
एक पुढच्या जाळीमागे, रस्त्याची हवा चाखणारं.
एक गार जाळीशी, बर्फ धरू नये म्हणून राखणीला.
एक स्टिअरिंगजवळच्या बारीक भोकांत,
तिथं चिमणीएवढा पंखा आतली हवा ओढतो, सतत,
झोपलेल्या माणसाच्या नाकपुडीसारखा.
आणि चौथं वर, काचेखाली, काळं, उडदाएवढं,
ते फक्त सूर्य बघतं.

स्कॅनर लावला. शेडमध्ये काय कळणार,
म्हणून गाडी बाहेर काढली.
सत्तेचाळीस अंश, बोनेटवर हात ठेववेना,
आणि स्कॅनर म्हणतो: ऊन, शून्य.

खलफान हसला. रहीमुद्दीनने आकाशाकडे पाहिलं,
खात्री करायला.

मग दिसला. काचेखाली चौघडी घातलेला रुमाल,
जांभळी किनार, अत्तराचा वास.
उचलला, तसा पंखा एकदम उसळला,
वारा खलफानच्या गालावर गेला
आणि तो डोळे मिटून "अल्लाह" म्हणाला.

तेव्हा मौझा बोलली, पहिल्यांदा.
"ते माझ्याकडे बघतं. कॅमेरा आहे ना तो?"
"नाही, अम्मा," म्हटलं,
"त्याला चेहरा कळत नाही. उजेड किती, एवढंच कळतं."
ती जरा थांबली.
"मग एवढंच सांगायचं होतं ना कुणीतरी,
आठ महिने झाले गाडी घेऊन."
खलफान आरशात बघत मिशी नीट करू लागला.

गाडीला सावली वाटत होती, म्हणून ती सावलीपुरतं करत होती.
तिचं काही चुकलं नव्हतं.

टेस्ट म्हणून वीस मिनिटं मी आत बसलो.
टेस्ट पाच मिनिटांची असते.
बावीस अंशांत घाम वाळला, मीठ कातडीवर राहिलं,
आणि फोन वाजला. कुडाळहून, सुनीती.
"ऊन फार आहे का हो तिकडे?"
"छे," मी म्हणालो, "मस्त गार आहे."
त्या वेळेपुरतं ते खरंही होतं.
रोजच मी हेच सांगतो,
शेडमध्ये, पत्र्याखाली, टायरवर बसून,
आणि ती तिकडे त्याच हिशेबाने
काळजीचा पंखा हळू ठेवते.

बिलाच्या वहीत दोषाचा रकाना असतो.
तिथं लिहिलं: रुमाल.
पैसे घेतले नाहीत, मग खलफानने खजुराची पेटी ठेवली,
रहीमुद्दीनने दोन तिथल्या तिथे खाल्ले.

जाताना मौझाने रुमाल मागितला.
घडी मोडली, झटकला,
काळ्या उडदावरची धूळ आधी त्याने पुसली,
मग पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी मी फोन लावला.
वाजत राहिला.
उचलला तेव्हा म्हटलं, "सुनीती, ऐक,
आज सत्तेचाळीस होतं."